जंगलवाटेला बंदी नको, राखण हवी

पावसाळ्याच्या तोंडावर राज्यात दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. पहिला दमदार पाऊस झाला की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकहून शनिवारी गाड्यांच्या रांगा सह्याद्रीच्या पायथ्याकडे निघतात. आणि पहिला अपघात झाला की जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या अनेक ठिकाणी असेच आदेश लागू झाले. पाऊस ओसरला की आदेशाची मुदत संपते, पुढच्या वर्षी गर्दी परत येते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. मोकाट गर्दी आणि सरसकट बंदी या दोन टोकांच्या मध्ये जे खरे काम आहे, ते मात्र बहुतेक ठिकाणी कुणी अंगावर घेत नाही. ते काम म्हणजे वाटेची राखण. अभयारण्यातून जाणाऱ्या गर्दीच्या प्रत्येक पायवाटेचा मार्ग एकच आणि ठरलेला असावा, तिच्यावरून दिवसाला किती माणसे जातील याला मर्यादा असावी, आणि ती सांभाळण्याचे काम व त्यातून येणारा पैसा दोन्ही पायथ्याच्या गावाच्या हाती असावे. या तीन गोष्टी एकत्र आल्या तर जंगलही टिकेल आणि चालणाऱ्याची वाटही बंद होणार नाही.

अकोले तालुक्यातले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्यात राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) आहे, हरिश्चंद्रगड आहे, रतनगड आहे आणि भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीचे दाट रान आहे. हिरडा, जांभूळ, कारवी यांच्या या जंगलात बिबट्या, भेकर, शेकरू यांचा वावर आहे. पण शनिवारी रात्री बारी गावातून कळसूबाईकडे निघालेल्या किंवा पाचनईतून हरिश्चंद्रगड चढणाऱ्या कितीतरी जणांना आपण अभयारण्यात पाऊल टाकले आहे याची कल्पनाही नसते. त्यांच्या लेखी तो ‘स्पॉट’ असतो. कायद्याची भूमिका मात्र स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात कुणालाही मुक्त प्रवेश नाही. कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. म्हणजे प्रवेशाला मर्यादा घालण्यासाठी नवा कायदा लागत नाही. अर्धशतकापूर्वी केलेला कायदा वाटेवर उतरवायचा राहिला आहे, इतकेच.

नुकसान नेमके काय होते, हे आधी नीट पाहायला हवे. गर्दीविरुद्धची बरीचशी चर्चा प्लास्टिकच्या बाटल्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. बाटली उचलता येते; वाहून गेलेली माती परत आणता येत नाही. घाटमाथ्यावर चार महिन्यांत तीन ते पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. अशा उतारावर पायवाट म्हणजे गवताचे पांघरूण निघालेला मातीचा पट्टा. सतत पाय पडून ती माती दबते, पाणी मुरेनासे होते आणि मुरले नाही ते वाटेवरूनच धावू लागते. वाटेचा ओहळ होतो, ओहळ वर्षागणिक खोल जातो, मुळे उघडी पडतात, दगड सुटे होतात. मग चालणाऱ्याचा पाय घसरतो, म्हणून तो चिखल टाळून कडेच्या गवतावरून जातो. त्याच्या मागचा आणखी थोडा बाहेरून जातो. एका माणसाच्या रुंदीची वाट काही हंगामांत बैलगाडी जाईल एवढी होते आणि तिच्या शेजारी दुसरी, तिसरी वाट फुटते. गर्दीच्या कोणत्याही चढणीवर पावसाळ्यानंतर उभे राहून पाहिले तर या फुटलेल्या वाटा वेणीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. यात कुणी मुद्दाम नासधूस केलेली नसते. प्रत्येकाने फक्त आपला पाय सावरलेला असतो.

म्हणूनच ‘लोकांना शिस्त लावा, नियम कशाला हवेत?’ हा पहिला आणि सर्वांत चांगल्या हेतूने घेतला जाणारा आक्षेप अपुरा पडतो. शिस्त हवीच. कचरा न टाकणारा, आरडाओरडा न करणारा, स्पीकर न लावणारा ट्रेकर हा जंगलाचा मित्र आहे. पण त्याच्याही वजनाने माती दबते. दोन हजार शिस्तबद्ध माणसे एका रविवारी एका भिजलेल्या चढावरून गेली तर त्या चढाचे जे व्हायचे ते होतेच. शिस्तीने वागणुकीचा प्रश्न सुटतो, संख्येचा सुटत नाही. आणि गर्दीच इतकी असली की शिस्तही टिकत नाही. शिडीपाशी तासभर रांग लागली की शिडी टाळून कातळाला बिलगत चढणारे निघतातच, आणि अपघातही अशाच ठिकाणी होतात. जंगलाची काळजी आणि माणसाच्या जिवाची काळजी इथे एकाच उपायापाशी येऊन मिळतात.

यातला एक बारकावा धोरण ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायलाच हवा. पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या झाडोऱ्याचा अभ्यास जगभर बरीच वर्षे झाला आहे आणि त्यातून वारंवार पुढे आलेली गोष्ट अशी, की नुकसान संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अस्पर्श जागेवर पडलेली पहिली काही पावलेच सर्वाधिक हानी करतात. एकदा जमीन उघडी पडली की पुढच्या पावलांची भर त्या मानाने कमी असते. याचा अर्थ असा, की गर्दी ‘पसरवून’ टाकण्याचा लोकप्रिय उपाय उलटा पडू शकतो. कळसूबाईवर गर्दी झाली म्हणून शेजारच्या अनवट डोंगराची जाहिरात करायची, तिथे गर्दी झाली की आणखी पुढच्या दरीची, अशाने एकामागून एक शाबूत जागा आपण पहिल्या पावलांच्या तोंडी देतो. रील्सवर दर आठवड्याला नवा ‘लपलेला धबधबा’ दाखवणारे नेमके हेच करतात. त्यामुळे नुसती संख्या कमी करून भागत नाही. एकच वाट निवडायची, ती नीट बांधायची, फुटलेल्या उपवाटा काटेरी फांद्या घालून बंद करायच्या आणि बाकीचे रान रानाला सोडायचे.

वाट बांधणे म्हणजे सिमेंट ओतणे नव्हे, हेही स्पष्ट करायला हवे. उतारावर ठरावीक अंतराने आडवे दगड बसवून पाणी बाजूला काढणे, तीव्र चढावर मापाच्या दगडी पायऱ्या रचणे, ओलीच्या जागी दगडी भर घालणे, ही कामे सह्याद्रीला नवी नाहीत. जुन्नरजवळच्या नाणेघाटाची दगडी फरसबंदी सातवाहनांच्या काळापासूनच्या व्यापाराची साक्ष देत उभी आहे. ज्यांचा माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने वर चढत होता, त्यांना वाट राखली नाही तर पहिल्या पावसात ती जाईल हे कळत होते. त्याच घाटाच्या तोंडावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे परंपरा सांगते. वाट वापरणाऱ्याने वाटेच्या राखणीला हातभार लावावा, ही कल्पना या डोंगरांना परकी नाही.

माती हा नुकसानीचा एक भाग झाला. दुसरा भाग डोळ्यांना सहजी दिसत नाही, कारण तो वेळेशी जोडलेला आहे. कारवी घ्या. सह्याद्रीच्या उतारांवर माती धरून ठेवणारे हे झुडूप साधारण आठ वर्षांनी एकदाच, एका भागात एकाच वेळी फुलते, बी धरते आणि वाळून जाते. पुढची सगळी पिढी त्या एका बियाण्यातून उगवायची असते. फुलांच्या त्या एका हंगामात हजारो माणसे फोटोसाठी कारवीत शिरली, किंवा बी रुजण्याच्या पुढच्या पावसाळ्यात तोच उतार तुडवला गेला, तर चूक दुरुस्त करायला पुढचे वर्ष मिळत नाही; ती संधी आठ वर्षांनीच येते. काजव्यांचे तसेच. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा परिसरातली झाडे काजव्यांनी लखलखतात. तो लखलखाट म्हणजे नराने मादीला घातलेली साद. अंधारात नर चमकतो, झुडपात किंवा गवतात बसलेली मादी उत्तर देते आणि मीलन होते. या सगळ्याला जेमतेम काही आठवडे मिळतात. गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च आणि कॅमेऱ्याचे फ्लॅश त्या सादेवर उजेड ओततात. गवतात शिरलेले पाय मादीला आणि ओलसर मातीतल्या अळ्यांना चिरडतात. ज्या दृश्यासाठी माणूस शंभर-दीडशे किलोमीटर येतो, तेच दृश्य पुढच्या वर्षी उणे होण्याची तजवीज तो करून जातो. कोणत्या वाटेवर कोणत्या आठवड्यात किती माणसे असावीत, हे ठरवताना असे हंगाम मोजायला हवेत. वर्षभर एकच आकडा लावणे ही सोय झाली, राखण नव्हे.

मग सरळ बंदी का नको? कारण बंदीचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. हिमालयातल्या नंदादेवी शिखराभोवतीचा गाभा १९७४ मध्ये मोहिमांसाठी खुला झाला आणि काही वर्षांतच तिथल्या कुरणांची व वाटांची दैना झाली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि आतला भाग गिर्यारोहकांना बंद झाला. निसर्गाला उसंत मिळाली. पण लाता, रैणी यांसारख्या गावांतली जी माणसे वाटाडे आणि हमाल म्हणून जगत होती, ज्यांची गुरे त्या कुरणांवर चरत होती, त्यांचा आधार एका फटक्यात गेला. ज्या रैणीच्या बायकांनी १९७४ मध्ये झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवले, त्याच परिसरातल्या लोकांना संवर्धनाच्या नावाखाली जंगलाबाहेर उभे राहावे लागले. १९९८ मध्ये तिथल्या लोकांनी या निर्णयाविरुद्ध आंदोलन केले. बंदीने जंगलाचे रक्षण होते, पण जंगलाचे राखणदार दुरावतात. आणि राखणदार दुरावले की वणवा लागला तर धावून कोण जाणार, फासे लावणाऱ्याची खबर कोण देणार, हा प्रश्न उरतो.

बंदीचा दुसरा तोटा शहराकडून होतो. जंगल वाचवायला मते लागतात, आवाज लागतो, आणि तो आवाज जंगलात चाललेल्या माणसांचा असतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईतल्या आरे परिसरात मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडतोड सुरू झाली, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरेच्या वाटा पायाखालच्या असलेली तरुण मंडळी मोठ्या संख्येने होती. ज्याने कधी ओल्या रानाचा वास घेतला नाही, पहाटेच्या धुक्यात शीळकरी कस्तुराची शीळ ऐकली नाही, त्याला एखादे अभयारण्य कागदावर आखडले तर काय गेले हे कळणार नाही. म्हणून वाट उघडी राहिली पाहिजे, हे मी चालणाऱ्यांच्या हौसेखातर म्हणत नाही. जंगलाच्या भल्यासाठीच म्हणतो.

उघडी वाट राखता येते, हे दाखवणारी उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. कोयना अभयारण्यातला वासोटा पाहा. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचे, वन विभागाच्या चौकीत नाव नोंदवायचे, जवळच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून द्यायच्या आणि अनामत ठेवायची. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की अनामत परत. गडावर मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत खाली यायचे, पावसाळ्यात वाट बंद. नियम साधे आहेत, पण ते वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाकडून पाळून घेतले जातात. जलाशयामुळे वाटेला एकच दार आहे, ही वासोट्याची सोय. इतर ठिकाणी ते दार आपल्याला उभे करावे लागेल. दुसरे उदाहरण कास पठाराचे. जांभ्या कातळावरच्या बोटभर मातीत इथे साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पती आहेत; २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागतिक वारसा स्थळांत कासची गणना झाली आणि गर्दी वाढली. त्यानंतर दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेशशुल्क आले. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे व्यवस्था आली. सुटीच्या दिवशी गर्दी आवाक्याबाहेर जाते अशा तक्रारी आजही येतात. तरी फुलांत कुणी शिरला तर शिट्टी वाजवून त्याला बाहेर काढणारा माणूस तिथे उभा असतो आणि तो पायथ्याच्या गावचा असतो, हा फरक फार मोठा आहे.

कासने आणखी एक धडा दिला. पठाराला कुंपण घालून गुरांची चराई थांबवली तेव्हा फुले वाढतील असे वाटले होते. पुढे उंच गवत माजून ठेंगणी फुले झाकोळली जातात, असा आक्षेप अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी घेतला आणि अखेर कुंपण काढावे लागले. म्हणजे पर्यटकांची संख्या मर्यादित करणे आणि गावाचा परंपरागत वावर थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करताना दुसरी नकळत उरकून टाकली तर जंगलही बिघडते आणि गावही. मर्यादा पाहुण्यांसाठी असावी. सरपण, मध, हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांसाठी नव्हे.

जगाच्या पाठीवर याच दिशेने काम झाले आहे. पेरूच्या इंका वाटेवर वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला ५०० माणसांनाच परवाना मिळतो आणि दर फेब्रुवारीत ती दुरुस्तीसाठी बंद राहते. न्यूझीलंडच्या मिलफर्ड वाटेवर हंगामात सगळे एकाच दिशेने चालतात आणि स्वतंत्रपणे जाणाऱ्यांसाठी रोज ४० जागा असतात. अमेरिकेतल्या योसेमिटीमध्ये हाफ डोम या कातळावरच्या पोलादी दोरखंडांच्या वाटेवर २०१० पासून परवाने आले. आज तिथे दिवसाला ३०० जणच जातात. आपल्याकडे २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि पर्यटकांची संख्या २०० वर आणली. हे आकडे सह्याद्रीत जसेच्या तसे चालणार नाहीत. मात्र न्यायालयाने आदेश देईपर्यंत प्रशासनाने थांबू नये, एवढे उत्तराखंडकडून जरूर शिकावे.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत भावनिक आक्षेप असा, की सह्याद्री सर्वांचा आहे, गड महाराजांचे आहेत, तिथे जायला मराठी माणसाला परवाना कशाला? ही भावना मोलाची आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आल्यानंतर गडांकडची ओढ वाढणार आहे आणि ती वाढावीही. पण ज्या राज्यकर्त्यांनी गडावर पाण्याची टाकी कोरली, दरवाजे राखले, पहारे बसवले, त्यांच्या वारशाचा मान मोकाट गर्दीने राखला जात नाही. गड हा नियमाने चालणारा होता. दिवेलागणीला दरवाजा बंद होत असे. शिवाय मर्यादा कुणाला कायमची अडवत नाही. या रविवारी जागा नाही, तर पुढच्या बुधवारी आहे. कळसूबाईच्या नवरात्रातल्या यात्रेसारखे प्रसंग वेगळे धरावेत. ती स्थानिकांची जुनी परंपरा आहे आणि तिची व्यवस्था ग्रामपंचायत व देवस्थानासोबत बसूनच ठरायला हवी.

दुसरा आक्षेप पैशाचा. शुल्क लावले की जंगल पैसेवाल्यांचे होईल, अशी भीती आहे. व्यवस्था आळशी असली तर ही भीती खरी ठरेल. म्हणून मागणी जास्त असेल तिथे दर वाढवून गर्दी कमी करण्याचा मार्ग टाळावा. शुल्क सर्वांना झेपेल असे ठेवावे आणि गर्दीच्या दिवसांच्या जागा चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. काही जागा सरकारी शाळा आणि महाविद्यालयांच्या सहलींसाठी राखीव ठेवाव्यात, त्यांना शुल्क नसावे. आठवड्यातले चार दिवस तर बहुतेक वाटांवर मर्यादेची गरजही पडणार नाही. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी पायथ्याच्या गावी काही जागा रोखीने मिळाव्यात. या अडचणी सुटणाऱ्या आहेत. त्यांच्या नावाखाली मूळ काम टाळले जाऊ नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: गर्दी घटली तर पिठलं-भाकरी विकणाऱ्या, तंबू भाड्याने देणाऱ्या गावकऱ्यांचे काय? आजच्या गर्दीचा हिशेब इथे नीट मांडायला हवा. शनिवारी रात्री शहरातल्या आयोजकाची बस येते, त्याचेच तंबू, बरेचदा त्याचाच स्वयंपाक. गावाच्या वाट्याला पार्किंगचे पैसे, चहा-भजी आणि सोमवारी उचलायचा कचरा. गडावर शेकडो माणसे मुक्कामाला राहिली तर त्यांची घाण पहिल्या पावसात उतारानेच खाली येते. हरिश्चंद्रगडावर उगम पावणारी मंगळगंगा पाचनईकडेच उतरते. उलट, मुक्काम गडावरून काढून गावातल्या घरांत आणला, प्रत्येक गटासोबत गावचा प्रशिक्षित वाटाड्या सक्तीचा केला आणि प्रवेशशुल्क ग्रामसभेच्या समितीकडे जमा झाले, तर कमी माणसांतून गावाला जास्त आणि आठवडाभर विभागलेले उत्पन्न मिळू शकते. कायद्याचा आधार इथेही आहे. वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क देतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये तो मिळवून त्याचा अर्थ देशाला दाखवला. अभयारण्यातल्या वाटेची राखण हे त्याच हक्काचे रूप समजले पाहिजे.

वन विभागाकडे माणसेच नाहीत आणि शुल्काची नवी खिडकी उघडली की नवा गैरव्यवहार सुरू होईल, असेही म्हटले जाते. माणसे कमी आहेत, म्हणूनच राखणीचे काम गावाकडे द्यायचे. वनरक्षकाने देखरेख करायची. गैरव्यवहार टाळायचा तर हिशेब उघडा ठेवायचा. किती माणसे आली, किती रुपये जमले, वाटेच्या किती मीटर दुरुस्तीवर खर्च झाले, गावात कुणाला किती रोजगार मिळाला, हे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि संकेतस्थळावर लागले पाहिजे. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घातले. ते आवश्यक होते. पण त्या धोरणाचे लक्ष आयोजकावर आहे. वाटेची क्षमता किती आणि तिची निगा कुणी घ्यायची, याचे उत्तर वाटेगणिकच शोधावे लागेल.

शेवटचा आक्षेप असा, की रस्ते, खाणी, रिसॉर्ट आणि वणवे जंगलाचे कितीतरी अधिक नुकसान करतात. मग पायी चालणाऱ्याच्याच मागे का लागायचे? नुकसानीची तुलना खरी आहे. एका घाटरस्त्याने दरडी आणि तुटलेले रान जेवढे मागे सोडले, तेवढे शंभर पायवाटांनी सोडलेले नाही. पण मोठ्या अपराधाने छोटा अपराध माफ होत नाही. आणि यात एक व्यवहारही आहे. उद्या अभयारण्याच्या पोटातून रस्ता काढायचा प्रस्ताव आला की ‘तिथे तर दर रविवारी हजारो लोक धिंगाणा घालतात, जंगल उरलेय कुठे?’ हा युक्तिवाद तयारच असतो. पायी चालणाऱ्यांनी स्वतःवर मर्यादा घालून घेतली असेल, तर रस्त्याला आणि रिसॉर्टला विरोध करण्याचा नैतिक अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला उरणार नाही. त्यामुळे गिर्यारोहण संस्थांनी या मर्यादेला विरोध न करता तिची मागणीच करावी.

सह्याद्रीत राखणीची कल्पना बाहेरून आणायची नाही. गावोगावच्या देवरायांत झाड तोडायचे नाही, फांदी न्यायची नाही, असे नियम माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले; माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला तेव्हा आजूबाजूचे रान गेलेल्या ठिकाणीही देवराई उभी असलेली त्यांना दिसली. नियम गावाचा होता, पाळणारेही गावचे होते आणि जंगल हाताशी असल्याने त्याचा फायदाही गावालाच होता. वाटेच्या राखणीत याच तीन गोष्टी लागतात.

तेव्हा सुरुवात लहान आणि नेमकी असावी. सरकारने पुढच्या पावसाळ्यापूर्वी बारी-कळसूबाई, पाचनई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर अभयारण्यातली गर्दीची एखादी वाट अशा तीन वाटा निवडाव्यात. वन विभाग, ग्रामसभा, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि एखादी अनुभवी गिर्यारोहण संस्था यांनी एकत्र बसून प्रत्येक वाटेची दिवसाची क्षमता ठरवावी आणि ती क्षमता का ठरली हे जाहीर करावे. उपवाटा बंद करून मुख्य वाटेवर पाण्याचे निचरे काढावेत. गडावरचा मुक्काम थांबवून गावात आणावा. दोन हंगाम दर महिन्याला वाटेची रुंदी, मातीची झीज आणि गावाचे उत्पन्न मोजावे आणि त्यावरून आकडा वर-खाली करावा. आकडा चुकला तर बदलता येईल. वाहून गेलेला उतार मात्र बदलता येणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पुढच्या जुलैत मनाई आदेशाचा मसुदा येण्याआधी, या तीन वाटांच्या तोंडाशी पावतीपुस्तक घेऊन उभा असलेला गावचा माणूस दिसला पाहिजे. हे एका हंगामात होण्याजोगे आहे आणि त्यासाठी लागणारा कायदा १९७२ पासून आपल्या हातात आहे.